वरच्या सुरांची दुरुस्ती

सासऱ्यांनी ते जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. डब्याचं झाकण उघडता उघडता, पंखा दुरुस्तीला टाकायचाय असं सांगावं इतक्या सहज. नवा प्रोग्रॅम धाकटी लिहील. तो झाला की कानाचे डॉक्टर बघायला येतील. त्यांच्यासमोर चालला, की प्रोग्रॅमचं सगळं काम कायमचं धाकटीकडे. थोरलीने मग ग्राहकांचे फोन बघायचे.

"तुला माणसांशी बोलायला बरं जमतं," ते म्हणाले.

थोरलीला माणसांशी बोलायला मुळीच जमत नसे, आणि हे टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. धाकटा दीर घास तोंडात तसाच ठेवून खाली बघत राहिला. धाकटी लाजली. ती खरोखर लाजली, तोंडदेखलं नव्हे, हेही थोरलीने टिपलं.

"आणि नाही चालला तर?" थोरलीने विचारलं.

"नाही चालला तर तू आहेसच की. पण चालेल. पोरगी चटपटीत आहे. तू एकेका स्वल्पविरामापाशी आठवडा घालवतेस."

थोरलीची भूक त्या 'पण चालेल'वर मेली. तरी तिने डबा संपवला, धुतला, पुसून पिशवीत ठेवला आणि जागेवर जाऊन बसली. नवा प्रोग्रॅम मी लिहिते, हे म्हणायला ती त्या सकाळपासून शब्द जुळवत होती. तिचं तोंड उघडण्याआधी डब्याचं झाकण उघडलं.

कंपनी म्हणजे घरच होतं. वरच्या मजल्यावर राहायचं, खालच्या मजल्यावर कामाला यायचं. थोरलीचा नवरा गावोगावच्या दवाखान्यांत माल विकत हिंडायचा, तो घरात पाहुण्यासारखा असे. धाकटीचा नवरा, म्हणजे दीर, बहिऱ्या माणसांच्या कानात मशीन बसवून द्यायचा. आणि सगळ्याच्या मुळाशी होती ती पेटी, कान तपासायची. सासऱ्यांनी तरुणपणी स्वतःच्या हातांनी बनवलेली. माणसाला आवाजबंद खोलीत बसवायचं, हेडफोन चढवायचा, पेटी बारीक बारीक सूर सोडणार, आणि ऐकू आला की माणसाने बटण दाबायचं. पूर्वी आकडे हाताने टिपत. पदार्थविज्ञान शिकून ह्या घरात आलेल्या थोरलीने, कोणी सांगितलं नसताना, पेटी कॉम्प्युटरला जोडली आणि प्रोग्रॅम लिहिला. कोणता सूर किती मोठा सोडायचा हे तो पेटीला सांगे आणि शेवटी कानाचा आलेख काढी. रेघ जितकी खाली, तितकं ऐकू कमी. दवाखान्यादवाखान्यांतून तोच चालत होता. सासरे पाहुण्यांना म्हणत, "पेटी माझी, डोकं हिचं."

आता प्रोग्रॅमच्याही पिढ्या असतात. जुने बत्तीस बिटचे, नवे चौसष्ट बिटचे. थोरलीचा जुन्या पिढीचा. नव्या कॉम्प्युटरवरही तो निमूट चालायचा, पण डॉक्टरांना जी नवी पेटी हवी होती तिचे सुटे भाग जुन्या पिढीशी बोलायलाच तयार नव्हते. डॉक्टरांचे दवाखाने पुष्कळ. त्यांना नाही म्हणणं कंपनीला परवडणारं नव्हतं.

धाकटीने कामाला धडाक्यात सुरुवात केली. एका सकाळी ती खुर्ची ओढत थोरलीशेजारी येऊन बसली.

"ताई, एक विचारू? वेडगळ वाटेल."

"विचार."

"दुरुस्त्यांची फाइल तुम्ही नक्की कुठे ठेवता?"

कोणताही हेडफोन सगळे सूर सारख्या ताकदीने वाजवत नाही. कुठे जास्त वाजतो, कुठे कमी. म्हणून कोणत्या सुराला किती वाढवायचं, किती घटवायचं ह्याचे आकडे एका फाइलमध्ये ठेवावे लागतात. ही दुरुस्त्यांची फाइल नसेल तर पेटी सूर सोडते, पण तो खरा किती मोठा हे देवालाही सांगता येणार नाही. थोरलीने ती ठेवली होती सिस्टीमच्या फोल्डरमध्ये, जिथे सहसा कोणी हात घालत नाही. तेव्हा तशीच पद्धत होती.

थोरलीने चष्मा काढून पुसला.

ह्या फोल्डरची एक खोड होती, ती घरात तिला एकटीला ठाऊक होती. जुन्या पिढीच्या प्रोग्रॅमने त्याचं नाव घेऊन दार ठोठावलं, की कॉम्प्युटर काही न बोलता त्याला शेजारच्या दुसऱ्याच फोल्डरमध्ये नेऊन सोडतो. दारावरची पाटी तीच दिसते, त्यामुळे प्रोग्रॅमला वाटतं, आपण हव्या त्या खोलीत आलो. नव्या पिढीचा प्रोग्रॅम तेच नाव घेतो तेव्हा त्याला खरोखर त्या खोलीत जाऊ देतात. त्यातही गंमत अशी, की ज्या फोल्डरच्या नावात बत्तीस तो चौसष्टवाल्यांचा, आणि बत्तीसवाल्यांची गुपचूप रवानगी होते त्याच्या नावात चौसष्ट. नावांवरून अंदाज बांधणारा हमखास उलटा पडतो.

थोरलीही एकदा पडली होती. ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले तेव्हा तिने ती फाइल माऊसने उचलून स्वतःच्या हाताने सिस्टीमच्या फोल्डरमध्ये ठेवली. प्रोग्रॅम म्हणे, फाइल नाही. फाइल समोर ढळढळीत दिसतेय, आणि प्रोग्रॅम कानावर हात ठेवून बसलाय. डोकं पिकल्यावर उलगडा झाला. मग तिने शेजारच्या फोल्डरात दुसरी प्रत ठेवली, आणि प्रोग्रॅम चालू झाला. पहिली तिथेच राहिली. पुढे हेडफोन बदलले. जुने हेडफोन वरच्या, म्हणजे बारीक सुरांना भसाभसा वाजत, त्यांना वीस डेसिबलने दाबावं लागे. नवे मुळातच शहाणे होते. त्यांचे आकडे थोरलीने प्रोग्रॅममधूनच भरले, म्हणजे ते गेले शेजारच्या फोल्डरात. खऱ्या फोल्डरातली प्रत जुन्याच हेडफोनची राहिली. तिला कोणी विचारत नव्हतं, म्हणून ती कोणी पुसलीही नाही.

"सिस्टीमचा फोल्डर कुठे, हे आपण ठरवायचं नसतं," थोरली चष्मा लावत म्हणाली. "सिस्टीमला विचारायचं. ती सांगेल तो."

"तसंच केलंय मी. फाइल सापडली, उघडतेही. फक्त तारीख फार जुनी दिसली, म्हणून म्हटलं विचारावं."

"हेडफोन आपण रोज थोडेच बदलतो?"

धाकटी हसली. "तेही खरंच. मी ना, उगाच शंका काढत बसते. हा म्हणतो, तू झोपेतही खिडकी लावली का विचारतेस."

ती खुर्ची ओढत परत गेली. थोरलीने आपली वाक्यं मनात पुन्हा तपासली, बेरीज पडताळावी तशी. एकही खोटं नव्हतं. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं ह्याचं थोडं नवलही वाटलं.

पडताळणीत तरी हे उघडं पडेल अशी तिला धाकधूक होती. पण पडताळणीची रीत सासऱ्यांनी घालून दिलेली, आणि तिला कोणी बोट लावत नसे. हेडफोनला आवाज मोजायचं मीटर लावायचं, मधला एक सूर वाजवायचा, आकडा जुळला की झालं. मधल्या सुराला जुने आणि नवे हेडफोन सारखेच वाजत. धाकटीने मीटर लावलं. आकडा जुळला. तिने दिराला हाक मारून दाखवला, आणि त्याने तिच्या पाठीवर थाप मारली.

सासऱ्यांना स्वतःलाच ऐकू कमी येऊ लागलं होतं. हे ते सोडून सगळे जाणून होते. टीव्ही इतका मोठा लागे की सासूबाई स्वयंपाकघराचं दार लावून घेत. "जन्मभर दुसऱ्यांचे कान तपासले आणि आता स्वतःचे तपासायची लाज वाटते," त्या म्हणत. लाजेपेक्षा त्यांना भीती वाटत असावी, असा थोरलीचा कयास होता. धाकटीने मात्र त्यांना लाडीगोडीने वळवलं. "बाबा, नव्या प्रोग्रॅमचे पहिले पेशंट तुम्ही. दुसऱ्या कोणाला तो मान मिळता कामा नये." म्हातारा पाघळला.

ते आवाजबंद खोलीत गेले, काचेआड बसले, हेडफोन चढवून हातात बटण धरलं. शाळेत फोटो काढायला बसलेल्या मुलासारखे ताठ. धाकटी पडद्यासमोर, दीर तिच्या उजवीकडे, आणि थोरली दोघांच्या मागे उभी. तिला तिथे असण्याचं काही कारण नव्हतं. कोणी जा म्हणालं नाही, म्हणून ती थांबली.

खालचे सूर नीट गेले. मधले नीट गेले. मग रेघ वरच्या सुरांशी आली आणि कडा तुटल्यासारखी खाली कोसळली.

"अगं बाई," धाकटी हळूच म्हणाली.

काचेआड सासरे कानांत प्राण आणून बसले होते. डोळे मिटलेले, अंगठा बटणावर. सूर वाजत होता आणि ते दाबत नव्हते. थोरली आलेखाकडे बघत होती. तिने वरच्या सुरांतून मनातल्या मनात वीस वजा केले, तेव्हा त्या कड्याखालून एक साधासुधा उतार वर आला. वयोमानाने होतो तेवढाच. म्हणजे सासऱ्यांचे खरे कान हे. बाकीचे वीस तिच्या जुन्या हेडफोनचे.

धाकटी मागे वळली. "ताई, बरोबर वाटतंय ना तुम्हाला? इतकं उतरलं असेल बाबांचं?"

आता बोलायचं असतं तर एक वाक्य पुरलं असतं. ते तिच्या जिभेवर तयार होतं, पण त्यामागोमाग तिला ग्राहकांचा फोन दिसला. काळा, जाडा, टेबलाच्या कोपऱ्यात ठेवलेला. इथे ह्या खोलीत, तिघांत सांगितलं, तर धाकटी म्हणेल, बरं झालं ताई, आणि दहा मिनिटांत दुरुस्त करेल. डॉक्टरांसमोर सगळं सुरळीत चालेल. आणि तो फोन थोरलीच्या टेबलावर येईल.

"पेटी दाखवतेय ते दिसतंयच," ती म्हणाली.

सासरे बाहेर आले, आलेखाकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा एका क्षणात म्हातारा झाला. पण आयुष्यभर त्यांनी कुरकुरणाऱ्या पेशंटांना एकच ऐकवलं होतं, की माणसाचा कान खोटं बोलतो, पेटी बोलत नाही. आता ते स्वतःलाच ऐकवायची पाळी आली. "बसव," ते दिराला म्हणाले. "ग्राफप्रमाणे बसव. मी बाप म्हणून कमी-जास्त करू नकोस."

दिराने ग्राफप्रमाणे बसवलं. दोन्ही कानांत, वरचे सूर चांगले चढे ठेवून.

वरचे सूर म्हणजे काय, हे त्या घराला पुढच्या काही आठवड्यांत कळलं. ताटावर चमचा. नळाखाली स्टीलची भांडी. वर्तमानपत्राचं पान उलटणं. किल्ल्यांचा जुडगा. आणि बायकांचे आवाज. सासूबाईंनी भांडं खाली ठेवलं की सासरे खुर्चीत दचकत, कानामागे सुई टोचल्यासारखे. त्या आता भांड्याखाली फडकं अंथरू लागल्या. "सवय होईल," दीर म्हणे. "सुरुवातीला सगळ्यांनाच जड जातं." हे तो रोज पेशंटांना सांगे, आणि बहुतेक वेळा ते खरं असे.

"काढून ठेवा ना थोडा वेळ," सासूबाई म्हणाल्या.

"काढून काय ठेवा? एवढ्यांना बजावून बजावून लावायला लावली मी. माझीच मी काढू?"

थोरलीची मुलगी संध्याकाळी आजोबांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची. आवाज कोवळा, टोकदार, म्हणून ते तिला चिमणी म्हणत. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "हळू." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "अजून हळू." मग एकदा ती कुठल्याशा बातमीवर खळखळून हसली, आणि त्यांनी आपला तळहात तिच्या तोंडावर दाबला. जोरात. ती त्या हाताआड डोळे विस्फारून बघत राहिली. त्यांनी हात काढला आणि गच्चीत निघून गेले. मुलगी वर्तमानपत्राची घडी घालून थोरलीकडे आली.

"आजोबांना मी आवडत नाही का आता?"

"तसं नसतं," थोरली म्हणाली. "तू अभ्यासाला बस."

त्या रात्री नवऱ्याचा फोन आला, आणि घरी काय विशेष म्हणून त्याने विचारलं, तेव्हा ती काही विशेष नाही म्हणाली. डॉक्टर आले की संपेल, असा तिचा हिशेब होता. ती भौतिकशास्त्रातल्या प्रयोगाचा विचार करावा तसा त्याचा विचार करी. मध्येच काच उघडली तर सगळं वाया.

एकदा धाकटीच जिन्यात थांबली. "ताई, मला रात्री झोप नाही लागत. बाबांना फार त्रास होतोय. पुन्हा तपासू या का त्यांना? तुमच्या जुन्या प्रोग्रॅमवर?"

थोरलीने जिन्याचा कठडा धरला. "तुझ्या प्रोग्रॅमवर तुझाच विश्वास नाही का? तसं असेल तर डॉक्टरांना आत्ताच कळवायला हवं. बाबांनाही सांगायला हवं, की तुला खात्री नाही."

धाकटीचा चेहरा उतरला. "नाही, खात्री आहे. मीटर जुळलंय ना."

"मग?"

"मग काही नाही." ती खाली उतरून गेली, आणि त्या दिवसानंतर तिने विचारलं नाही.

डॉक्टर आले ते हसत हसतच. जाडजूड, बोलघेवडा, आल्या आल्या खुर्चीत रेलून बसणारा माणूस. ते स्वतःचे कान वरचेवर तपासून घेत, आणि आज ह्याच पेटीवर बसणार होते. "आमच्या बायकोचं म्हणणं, मी बहिरा आहे," ते म्हणाले. "मी म्हणतो, मी फक्त विवाहित आहे. आज तुमचा ग्राफ तिच्या हातात ठेवतो, म्हणजे तो वाद मिटेल."

सगळे हसले. सासरेही हसले, आणि हसताना धाकटीच्या हसण्याने त्यांचा एक डोळा बारीक झाला.

डॉक्टर आत बसले. रेघ निघाली. खालचे सूर, मधले सूर, आणि मग तोच कडा. जागा तीच, उडीही तेवढीच.

डॉक्टर बाहेर येऊन पडद्यासमोर वाकले. "हे कोणाचे कान?"

"तुमचेच, सर," धाकटी म्हणाली.

"माझे कान मागच्या महिन्यात धडधाकट होते. एवढ्यात कोणी खाल्ले?"

धाकटीने पुन्हा तपासणी लावली. पुन्हा तेच. तिने मीटर आणून मधला सूर वाजवला, आकडा जुळला, ती आणखीच गोंधळली. फाइल उघडून बघितली. फाइल जागेवर होती. तिचे कान लाल झाले होते, आणि बोटं माऊसवर घसरत होती. दीर काहीबाही सुचवत होता, आणि ती प्रत्येक गोष्टीला "ते केलं" म्हणत होती. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. धाकटीने मान वळवून थोरलीकडे पाहिलं, बुडणारा माणूस काठाकडे बघतो तसं.

थोरली भिंतीला टेकून उभी होती. ती एका वाक्याची वाट बघत होती, आणि ते सासऱ्यांच्या तोंडून यायला हवं होतं.

"म्हणजे चालत नाही," सासरे म्हणाले.

ती पुढे झाली. "जरा उठतेस?" तिने धाकटीला म्हटलं. खुर्चीत बसून तिने शेजारचा फोल्डर उघडला, फाइल दाखवली, शांतपणे सगळं समजावून सांगितलं. कोणत्या पिढीचा प्रोग्रॅम कुठे जातो, पाटी एक आणि खोली दुसरी कशी, जुन्या हेडफोनचे आकडे कुठे राहिले. तिच्या आयुष्यात ती इतकी सलग कधी बोलली नव्हती. मग तिने ती फाइल उचलून खऱ्या फोल्डरात ठेवली आणि डॉक्टरांना पुन्हा आत बसवलं. रेघ सुतासारखी सरळ निघाली.

"वा," डॉक्टर म्हणाले. "एवढं सगळं जिला ठाऊक आहे, तिला बाजूला उभं का केलंत?"

"ताई," धाकटी म्हणाली. "मी तुम्हाला विचारलं होतं. फाइल कुठे असते म्हणून."

"मी सांगितलंही होतं. सिस्टीमला विचार. फक्त विचारताना आपण कोण आहोत, ह्याचं भान ठेवायचं असतं. जुन्याला एक उत्तर मिळतं, नव्याला दुसरं."

डॉक्टर खो खो हसले. धाकटी हसली नाही. ती दिराच्या मागे जाऊन उभी राहिली.

"चला, वेळेवर सापडलं," डॉक्टर रुमालाने कपाळ पुसत म्हणाले. "वरच्या सुरांना वीसचा फरक म्हणजे थट्टा नाही. ह्या ग्राफवर एखाद्याला मशीन बसवलं असतं, तर त्या बिचाऱ्याच्या कानात दिवसभर खिळे ठोकल्यासारखं झालं असतं. जे ऐकू येत होतं तेही गेलं असतं. बरं झालं, अजून कोणी वापरलं नव्हतं."

दिराने वडिलांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. सासऱ्यांचा हात सावकाश वर गेला आणि कानामागे थांबला. ते डॉक्टरांकडे बघत नव्हते. थोरलीकडे बघत होते.

डॉक्टरांना दारापर्यंत पोचवून ते परत आले. बसले नाहीत.

"माझे कान तपासले तेव्हा तू कुठे होतीस?"

"मागे उभी होते," थोरली म्हणाली.

"ग्राफ दिसत होता?"

तिच्याकडे दोन-तीन उत्तरं तयार होती. हे मला आजच सुचलं, हे त्यांतलं एक. पण आत्ता आत्ता तिने सगळ्यांसमोर इतकं नेमकं, इतकं न अडखळता सांगितलं होतं की आजच सुचलेली गोष्ट माणूस तशी सांगत नाही, हे तिलाही कळत होतं.

"दिसत होता," ती म्हणाली.

सासऱ्यांनी मान हलवली, पेशंटचं उत्तर ऐकून हलवतात तशी. पुढचा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. तो विचारला असता, तर तिने काय सांगितलं असतं हे ती पुढे कित्येकदा जुळवून पाही.

दुसऱ्या दिवशी धाकटीने त्यांना पुन्हा तपासलं, आता बरोबर आकड्यांवर. वरच्या सुरांना रेघ उताराच्याही खाली होती. थोरलीने त्या दिवशी मनात वजाबाकी करून काढलेला साधासुधा उतार आता तिथे नव्हता. दिराने डॉक्टरांना फोन लावला. "वयानेही होतं, मोठ्या आवाजानेही होतं," डॉक्टर म्हणाले. "कशाने किती, हे आता कोणीच वेगळं काढू शकणार नाही." सासऱ्यांनी दिराला मशीन नव्या आकड्यांवर लावून द्यायला सांगितलं. ते लावल्यावर त्यांनी चिमणीला बोलावून एक बातमी वाचायला लावली. ती कुजबुजत वाचू लागली. "मोठ्याने वाच," ते म्हणाले, पण तिने आवाज चढवला नाही.

सासऱ्यांनी दिलेला शब्द मोडला नाही. धाकटीला त्यांनी फोनवर बसवलं, आणि नवा प्रोग्रॅम, सगळे फोल्डर, सगळ्या फायली थोरलीकडे दिल्या. खिडकीशेजारचं मोठं टेबलही दिलं. धाकटीचा आवाज मऊ होता, ग्राहकांना आवडला. ती थोरलीला अजून ताई म्हणे आणि विचारलेल्याचं उत्तर देई.

पहिल्या सोमवारी सगळे मोठ्या टेबलाभोवती बसले. डॉक्टरांची मागणी पुरी करायची, तर पडताळणीची रीत बदलायला हवी होती, एका सुरावर न थांबता सगळे सूर मोजायला हवे होते. थोरलीने ते व्यवस्थित मांडून आणलं होतं. दीर बोलला, ते सासऱ्यांनी ऐकलं. धाकटीने ग्राहकांचं सांगितलं, तेही ऐकलं, दोन प्रश्नही विचारले.

"बाबा," थोरली म्हणाली, "पडताळणीचं मला थोडं बोलायचंय."

सासऱ्यांनी उजव्या कानातलं मशीन काढलं. मग डावं. दोन्ही रुमालावर शेजारी शेजारी ठेवली, आणि हात टेबलावर घेऊन तिच्याकडे बघू लागले. रागाने नव्हे. अगदी सभ्यपणे.

ती थांबली. "तुम्ही मशीन काढलंत," ती म्हणाली.

ते बघत राहिले.

ती बोलू लागली. सुरांची यादी, मीटरची जागा, आकडे. दीर नखं बघत होता, धाकटी वहीत काही लिहीत होती. थोरली संपेपर्यंत बोलली. मग सासऱ्यांनी "हं" म्हटलं, मशीन कानात घातलं आणि दिराला विचारलं, "पुढचं काय?"

मंगळवारी तसंच झालं. जिन्यात, जेवताना, चिमणीच्या शाळेबद्दल सांगताना, सासूबाईंच्या औषधाबद्दल सांगताना. तिचा 'बाबा' हा शब्द निघाला की त्यांचा हात वर जाई. दुसऱ्या कोणासाठी नाही. तिचं काम ते कधी अडवत नसत. ती मांडेल त्याला होकार मिळे, मात्र तो तिच्यामागून दिराने पुन्हा सांगितल्यावर. नवरा घरी आला तेव्हा तिला वाटलं तो काही बोलेल. त्याने दोन दिवस पाहिलं, धाकट्या भावाकडून ऐकून घेतलं, आणि माल घेऊन पुढच्या गावाला निघून गेला.

नवी पडताळणी पहिल्यांदा चालवायच्या दिवशी एका पेटीचा वरचा सूर जुळेना. पेशंट आत बसला होता, दीर बाहेर गेलेला, धाकटी फोनवर. काचेपलीकडे सासरे हेडफोन चढवून देत होते. थोरलीने काचेवर टकटक केली. त्यांनी वर पाहिलं. तिने दार उघडलं.

"बाबा, थांबा. हा सूर वीसने मोठा जातोय. त्याला लावू नका."

त्यांचे दोन्ही हात कानांकडे गेले. दोन्ही मशीन निघाली, खिशात गेली.

"बाबा, कान जाईल त्याचा. ऐका, आधी ते घाला."

ते सभ्यपणे तिच्या तोंडाकडे बघत होते. पेशंटही बघत होता, हेडफोनआड, काही न कळून. ती आणखी मोठ्याने बोलली, मग त्याहून मोठ्याने, आणि शेवटी आपला आवाज तिला स्वतःलाच भांड्यावर चमचा आपटावा तसा ऐकू आला. तिने पुढे होऊन पेशंटच्या डोक्यावरून हेडफोन ओढून काढला.

सासऱ्यांनी तो तिच्या हातातून घेतला, नीट खुंटीला टांगला.

"ओरडू नकोस," ते म्हणाले. "मला ऐकू येत नाही."